चोवीस व्होल्टच्या ट्रकला बारा व्होल्टचा स्कॅनर : सर्किटमध्ये काय बदलावे आणि का

उरण तालुक्यात जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्यानंतर करळ फाटा, जासई, गव्हाण फाटा ते थेट कळंबोलीपर्यंतचा पट्टा कंटेनर ट्रेलरांचा झाला. ट्रेलरांमागोमाग त्यांची दुरुस्ती करणारेही आले : पंक्चरवाले, कमानपाटेवाले, वेल्डर आणि ऑटो इलेक्ट्रिशियन. पूर्वी इलेक्ट्रिशियनला टेस्ट लॅम्प, मीटर आणि अनुभव एवढे पुरत असे. देशभर १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरावरचे बीएस-६ हे नियम लागू झाले आणि चित्र बदलले. आता धुराच्या नळीतला सेन्सर बिघडला किंवा युरियाची फवारणी नीट होत नसली की डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा बराच वेळ दुर्लक्षित राहिला तर इंजिनाची ताकदही कमी केली जाते. भरलेला कंटेनर घेऊन गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, आणि कोड वाचल्याशिवाय दोष कळत नाही.

कोड वाचायला स्कॅनर लागतो. बाजारात स्वस्तात मिळणारे बहुतेक स्कॅनर आणि लॅपटॉपला जोडायच्या केबल मोटारगाड्यांसाठी, म्हणजे १२ व्होल्टसाठी बनवलेल्या असतात. बंदरावरच्या जड गाड्या २४ व्होल्टवर चालतात. हा लेख या दोहोंमधल्या अंतराविषयी आहे. ज्याला सोल्डरिंग येते, मीटर वाचता येतो आणि ओहमचा नियम ठाऊक आहे, त्याला इथले सगळे काम जमण्याजोगे आहे.

गाडी आणि स्कॅनर यांच्यामध्ये काय असते

गाडीच्या इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या संगणकाला ईसीयू म्हणतात. ईसीयूची भाषा लॅपटॉपला किंवा मोबाईलला सरळ समजत नाही. त्या दोघांमध्ये दुभाष्याचे काम करणारे छोटे सर्किट म्हणजे इंटरफेस. ते गाडीच्या सॉकेटमधूनच वीज घेते, तिथल्या तारांवर बोलते आणि उत्तर पुढे पोचवते.

मोटारींत दिसणाऱ्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये १६ क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीचा पॉझिटिव्ह असतो. ४ आणि ५ या पिना अर्थच्या. ७ वर के-लाइन, १५ वर एल-लाइन, तर ६ आणि १४ वर कॅनची तारजोडी. अनेक जड वाहनांत याऐवजी ९ पिनांचे गोल सॉकेट असते. त्यात ए ही अर्थ, बी ही बॅटरी, सी आणि डी या कॅनच्या तारा. गोल सॉकेटवरून १६ पिनांवर आणणारी जोडकेबल सहज मिळते, पण ती फक्त तारांची जागा बदलते. बी पिनेवरचे २८ व्होल्ट ती जसेच्या तसे १६ व्या पिनेवर आणून ठेवते. ‘कन्व्हर्टर केबल आहे’ या समजुतीवर स्कॅनर ट्रकला लावू नये.

१६ पिनांच्या सॉकेटचे दोन प्रकार आहेत, ए आणि बी. १२ व्होल्टच्या गाडीतल्या ए प्रकारात पिनांच्या दोन ओळींमधली खाच सलग असते. २४ व्होल्टसाठीच्या बी प्रकारात ती मध्येच तुटलेली असते. म्हणजे मोटारीचा प्लग ट्रकच्या सॉकेटमध्ये शिरू नये अशी सोय मानक ठरवणाऱ्यांनीच करून ठेवली आहे. प्लग शिरत नाही म्हणून त्याचे प्लॅस्टिक घासून बसवणे म्हणजे ही सूचना पुसून टाकणे होय.

चोवीस म्हणजे प्रत्यक्षात किती

ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. उभ्या गाडीत दोन्ही भरलेल्या असतील तर मीटर २५ च्या आसपास दाखवतो. इंजिन चालू झाले की डायनॅमो चार्ज करू लागतो आणि आकडा साडेसत्तावीस ते पावणेएकोणतीसपर्यंत जातो. स्टार्टर मारताना तोच आकडा सोळाच्याही खाली उतरू शकतो. म्हणून सर्किटचा विचार करताना ‘२४’ हा आकडा विसरून २८ डोळ्यांसमोर ठेवावा, आणि १५-१६ लाही सर्किट जिवंत राहील असे पाहावे.

गाडीच्या आकारावरून व्होल्ट ठरवू नयेत. छोटे टेम्पो आणि पिकअप १२ वर चालतात, जड ट्रक, ट्रेलर आणि मोठ्या बस बहुधा २४ वर, पण मधल्या आकाराच्या गाड्यांत दोन्ही प्रकार सापडतात. सॉकेटच्या १६ आणि ४ या पिनांवर मीटर लावून पाहायला काही क्षण पुरतात.

आधी काय जळते : वीजपुरवठ्याची बाजू

इंटरफेसमधल्या चिपांना ५ व्होल्ट लागतात. स्वस्त सर्किटमध्ये हे काम ७८एल०५ हा तीन पायांचा छोटा रेग्युलेटर करतो. जास्तीचे व्होल्ट तो उष्णतेत घालवतो. सर्किट ६० मिलिअँपिअर घेत असेल तर मोटारीत, म्हणजे १४ व्होल्टला, त्याच्यावर (१४ वजा ५) गुणिले ०.०६, म्हणजे ०.५४ वॅटचा भार पडतो. तेवढा तो कसाबसा सहन करतो. ट्रकमध्ये तोच हिशेब (२८ वजा ५) गुणिले ०.०६, म्हणजे १.३८ वॅट होतो. व्होल्ट दुप्पट झाले, उष्णता अडीच पट झाली. छोट्या प्लॅस्टिकच्या आवरणातला रेग्युलेटर एवढी उष्णता बाहेर टाकू शकत नाही. तो स्वतःला बंद करतो, थंड झाला की पुन्हा चालू होतो, आणि वापरणाऱ्याला वाटते की ब्लूटूथ तुटते आहे.

त्याहून आधी दगा देतो तो इनपुटचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. १२ व्होल्टच्या सर्किटमध्ये त्यावर बहुधा १६ किंवा २५ व्होल्ट छापलेले असते. २८ व्होल्टला तो फुगतो किंवा फुटतो. इथे ६३ व्होल्टचाच घालावा. पॉलिफ्यूज असेल तर त्याचाही व्होल्टचा आकडा पाहावा, कारण १६ व्होल्टचा पॉलिफ्यूज २८ व्होल्टवर तुटताना स्वतःच जळू शकतो.

रेग्युलेटरच्या जागी स्विचिंग प्रकारचा पुरवठा घ्यावा. बाजारात सर्वत्र मिळणारा एलएम२५९६ इनपुटला ४० व्होल्टपर्यंत चालतो. एलएम२५७६एचव्ही ६० पर्यंत चालतो, आणि पुढे येणाऱ्या कारणामुळे माझा कल त्याच्याकडेच आहे. स्विचिंग पुरवठ्यात वाया जाणारी शक्ती थोडी असते. ५ व्होल्टला ६० मिलिअँपिअर देताना तो २८ व्होल्टच्या बाजूने जेमतेम १४-१५ मिलिअँपिअर ओढतो. हा छोटा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो कामी येतो. तयार बोर्ड घेतला तर त्यावरच्या इनपुट कपॅसिटरचा आकडाही वाचून घ्यावा. चिप ६० व्होल्टची आणि शेजारचा कपॅसिटर ३५ चा असेल तर सर्किट ३५ चेच.

आणखी एक जागा सहज नजरेतून निसटते. अनेक इंटरफेस बॅटरीचे व्होल्टही मोजून दाखवतात. कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची ईएलएम३२७ ही चिप या क्षेत्रात सर्वांत प्रसिद्ध. कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, तरी त्या सर्किटच्या नकला बाजारात भरपूर आहेत. मूळ सर्किटमध्ये बॅटरीचे व्होल्ट ४७ किलोओहम आणि १० किलोओहम यांच्या विभाजकातून चिपला दिले जातात. २८ व्होल्टला तिथे ४.९१ व्होल्ट येतात, म्हणजे ५ च्या अगदी काठावर. २८.८ झाले की ५.०५, म्हणजे मर्यादेबाहेर. ४७ च्या जागी ६८ किलोओहम घातला तर ३९ व्होल्टपर्यंत जागा मिळते. मग मीटरवरचा खरा आकडा देऊन यंत्राचे माप पुन्हा जुळवून घ्यावे लागते, तशी आज्ञा त्या चिपमध्ये आहे.

के-लाइन : इथे नुसते टिकून भागत नाही

पुरवठा सुधारला की स्कॅनर जळत नाही. पण जुन्या पद्धतीच्या गाड्यांत तो बरोबर वाचेलच असे नाही, कारण के-लाइनवरचा संकेत बॅटरीच्या व्होल्टवरच अवलंबून असतो.

के-लाइन ही एकच तार. तिच्यावर दोघेही बोलतात, पाळीपाळीने. कोणी बोलत नसते तेव्हा एक रेझिस्टर तिला बॅटरीच्या व्होल्टपर्यंत वर ओढून ठेवतो. बोलायचे म्हणजे तार अर्थकडे खाली ओढायची आणि सोडायची. आयएसओ ९१४१ या मानकाने हा वर ओढणारा रेझिस्टर १२ व्होल्टसाठी ५१० ओहम आणि २४ व्होल्टसाठी १ किलोओहम ठरवला आहे.

तो का बदलावा लागतो हे आकडे सांगतात. १४ व्होल्टला ५१० ओहममधून २७ मिलिअँपिअर वाहतात. २८ व्होल्टला त्याच रेझिस्टरमधून ५५ वाहतील आणि त्याच्यावर दीड वॅटची उष्णता पडेल. ईसीयूमधला तार खाली ओढणारा ट्रान्झिस्टरही तेवढ्याच भाराखाली येईल, आणि स्कॅनर जळण्यापेक्षा ईसीयू जळणे कितीतरी महाग पडते. १ किलोओहम घातला की प्रवाह पुन्हा २८ मिलिअँपिअरवर येतो. उष्णता ०.७८ वॅट. एक वॅटचा रेझिस्टर यात चालेल, पण तो नेहमी तापलेला राहील, म्हणून दोन वॅटचा घ्यावा. संभाषण सुरू करण्याच्या जुन्या पद्धतीत पत्ता सेकंदाला ५ बिट या संथ गतीने पाठवतात, दहा बिटांना दोन सेकंद लागतात आणि तार बराच वेळ खाली राहते. शिवाय तार कुठे अर्थला टेकली असेल तर रेझिस्टरवर भार सतत राहतो.

रेझिस्टर दुप्पट केल्याने तार वर चढायला थोडा जास्त वेळ घेते. तारेची आणि ईसीयूंची मिळून १० नॅनोफॅरड धारिता धरली तर १ किलोओहमशी तिचा काळ १० मायक्रोसेकंद होतो. नेहमीच्या १०४०० बॉडला एक बिट ९६ मायक्रोसेकंदांचा असतो. दहावा भाग गेला, त्याने बिघडत नाही. मात्र तारेवर ‘आवाज दाबायला’ म्हणून मोठा कपॅसिटर लावण्याची सवय इथे नडते.

आता ओळखण्याची बाजू. मानक सांगते की बोलणाऱ्याने तार बॅटरीच्या २० टक्क्यांच्या खाली आणावी किंवा ८० टक्क्यांच्या वर सोडावी. ऐकणाऱ्याने ३० टक्क्यांखालचे सगळे ‘शून्य’ आणि ७० टक्क्यांवरचे सगळे ‘एक’ समजावे. मोटारीत १४ व्होल्टला हे आकडे ४.२ आणि ९.८ होतात. ट्रकमध्ये २८ व्होल्टला ८.४ आणि १९.६. समजा स्कॅनरमधली शून्य आणि एक वेगळे करणारी रेषा ७ व्होल्टवर पक्की बांधलेली आहे. मोटारीसाठी ती अगदी मध्यावर आहे. ट्रकमध्ये मात्र ८ व्होल्टचा संकेत, जो नियमाने शून्य आहे, तिला ‘एक’ वाटेल.

चांगल्या तारेवर ईसीयू ५.६ च्या खाली उतरतो, म्हणून असा स्कॅनर पुष्कळदा चालून जातो. अर्थची तार गंजलेली असेल तर तिच्यावरच एक-दीड व्होल्ट खर्च होतात, आणि मग सकाळी वाचणारा स्कॅनर दुपारी वाचत नाही. समुद्रकाठच्या तालुक्यांत हे नेहमीचे आहे. ‘कधी लागतो, कधी लागत नाही’ अशा तक्रारीचे मूळ पुष्कळदा या पक्क्या रेषेत असते.

उपाय असा की रेषा बॅटरीबरोबर वरखाली व्हावी. एलएम३९३ हा साधा कम्पॅरेटर ५ व्होल्टवर चालवावा. के-लाइन त्याला १०० किलोओहम आणि १० किलोओहमच्या विभाजकातून द्यावी, म्हणजे ती अकरावा भाग होऊन येते. तुलनेसाठी बॅटरी १०० किलोओहम आणि ४.७ किलोओहममधून द्यावी. २८ व्होल्टला हे संदर्भाचे टोक १.२६ व्होल्टवर बसते, आणि के-लाइनच्या भाषेत त्याचा अर्थ १३.८ व्होल्ट, जवळपास निम्मे. गाडी १४ व्होल्टची असली तर तीच रेषा आपोआप ६.९ वर येते. एकच सर्किट टेम्पोलाही चालते आणि ट्रेलरलाही, कोणतीही कळ न फिरवता. आउटपुटवरून थोडा हिस्टेरेसिस दिला की काठावरची थरथर थांबते.

तयार चिप वापरायची असेल तर तिची कागदपत्रे नीट पाहावीत. एसटी कंपनीची एल९६३७ ही के-लाइनची चिप ४.५ ते ३६ व्होल्टपर्यंत चालते आणि क्षणिक ४० सोसते, म्हणून ट्रकला ती योग्य. एमसी३३२९० हीदेखील त्याच कामाची, पण तिची मर्यादा ८ ते १८ व्होल्ट, म्हणून ती फक्त मोटारीसाठी.

सुट्या भागांचे सर्किट असेल तर तार खाली ओढणारा ट्रान्झिस्टर बदलावा. २एन३९०४ चाळीस व्होल्टचा आहे. शांत २८ व्होल्टला तो टिकतो, उसळीला टिकत नाही. २एन५५५१ एकशे साठ व्होल्टचा आहे. किंमत किरकोळ, आणि जागाही तेवढीच लागते. ऑप्टो-कपलर असेल तर त्याच्या दिव्याला जोडलेला रेझिस्टर तपासावा : २.२ किलोओहममधून २८ व्होल्टला १२ मिलिअँपिअर जातात आणि त्यावर ०.३३ वॅट पडतात, म्हणजे पाव वॅटचा रेझिस्टर हळूहळू काळा पडतो. तिथे ४.७ किलोओहम घालावा. ऑप्टो-कपलरच्या ट्रान्झिस्टरच्या बाजूचीही मर्यादा असते, ४एन३५ ला ती ३० व्होल्टच आहे.

एल-लाइनला हेच बदल, फक्त ऐकण्याची बाजू नाही.

उसळी, आणि एक जुनी सवय

डायनॅमो जोरात चार्ज करत असताना बॅटरीची तार अचानक सुटली तर डायनॅमोचा सगळा जोर उरलेल्या सर्किटवर येतो. याला लोड डम्प म्हणतात. आयएसओ १६७५० मध्ये त्याच्या चाचणीचे आकडे दिले आहेत : दाबून न ठेवलेली उसळी १२ व्होल्टच्या गाडीत ७९ ते १०१ व्होल्ट, २४ व्होल्टच्या गाडीत १५१ ते २०२ व्होल्ट, आणि ती काही दशांश सेकंद टिकते. बऱ्याच नव्या डायनॅमोंत ही उसळी आतच दाबण्याची व्यवस्था असते. पण समोर उभ्या असलेल्या ट्रकमध्ये ती आहे की नाही हे बाहेरून कळत नाही.

डायनॅमो चार्ज करतो की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढायचे आणि इंजिन चालू राहिले तर डायनॅमो ठीक, अशी एक जुनी पद्धत आहे. यांत्रिक पंपाच्या इंजिनांच्या काळात ती खपून गेली. आज ती म्हणजे हाताने घडवलेला लोड डम्प आहे. त्या क्षणी सॉकेटला स्कॅनर लावलेला असेल तर स्कॅनर जाईल, आणि नशीब वाईट असेल तर ईसीयूसुद्धा. डायनॅमो तपासायला मीटर पुरतो. ही पद्धत सोडून द्यावी, हे या लेखातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे काम आहे.

सर्किटच्या बाजूने उपाय तीन टप्प्यांत करावा. पॉझिटिव्हच्या वाटेत आधी १एन४००७ डायोड, म्हणजे उलट जोडणीपासून बचाव. त्यानंतर वायरवाउंड प्रकारचा १०० ओहमचा रेझिस्टर. इतका मोठा रेझिस्टर चालतो कारण स्विचिंग पुरवठा जेमतेम १५ मिलिअँपिअर ओढतो आणि त्यावर दीडच व्होल्ट पडतात. उसळीच्या वेळी मात्र तोच प्रवाह दीड-दोन अँपिअरवर रोखून धरतो. त्याच्या पलीकडे ३३ व्होल्टचा टीव्हीएस डायोड, उदाहरणार्थ एसएमसीजे३३ए. तो पूर्ण भाराखाली ५३ व्होल्टला पकड घेतो. ५३ हे एलएम२५९६ च्या ४० च्या वर आहेत आणि एलएम२५७६एचव्हीच्या ६० च्या आत, आणि म्हणून मी दुसरा सुचवतो. टीव्हीएस याहून कमी व्होल्टचा घ्यायचा मोह होतो, पण २४ व्होल्टचा टीव्हीएस २७ च्या आसपासच वाहू लागतो, म्हणजे इंजिन चालू होताच तापतो.

वर ओढणारा १ किलोओहमचा रेझिस्टर डायोडनंतर पण १०० ओहमच्या आधी जोडावा, नाहीतर बोलण्याच्या प्रत्येक बिटाबरोबर पुरवठा हलेल. आणि के-लाइनच्या पिनेवर स्वतंत्र टीव्हीएस हवाच. एल९६३७ वापरत असाल तर तिच्या पुरवठ्याच्या पिनेलाही स्वतःचा छोटा रेझिस्टर आणि ३६ व्होल्टचा झेनर द्यावा, कारण टीव्हीएसने सोडलेले ५३ व्होल्ट तिला जास्त आहेत.

चॅसीवर आर्क वेल्डिंग करण्याआधी स्कॅनर काढावा आणि बॅटरीची टर्मिनलेही उतरवावीत. ट्रेलरांवर वेल्डिंग वारंवार होते, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

मधल्या जोडातून बारा व्होल्ट घेऊ नयेत

‘दोन बॅटऱ्या आहेतच, तर एकीवरून १२ व्होल्ट घेऊ’ हा विचार साहजिक वाटतो. टेप, पंखा, मोबाईलचा चार्जर असे बरेच काही तसे जोडलेले असते. त्याने खालची बॅटरी नेहमी अर्धपोटी राहते आणि वरची जास्त चार्ज होऊन उकळते, दोन्ही लवकर जातात. स्कॅनरच्या बाबतीत धोका वेगळा आहे.

खालच्या, म्हणजे अर्थला जोडलेल्या बॅटरीवरून वीज घेतली तर स्कॅनरचा पुरवठा सुरक्षित राहतो. के-लाइन मात्र तरीही २८ व्होल्टवरच असते. ती ५१० ओहममधून स्कॅनरच्या १४ व्होल्टच्या पुरवठ्यात उलटा प्रवाह ढकलते, आणि ओळखण्याची रेषा तर निम्म्यालाही पोचत नाही. वरच्या बॅटरीवरून घेतली तर अनर्थच. स्कॅनरची निगेटिव्ह बाजू तेव्हा चॅसीपेक्षा १२ व्होल्ट वर असते. सॉकेटची अर्थ पिन जोडताच खालची बॅटरी स्कॅनरच्या बारीक तारेतून शॉर्ट होते. तार वितळते, आग लागू शकते. लॅपटॉप जोडलेला असेल तर तोही त्या वाटेत येतो.

कॅनच्या गाड्यांत काम सोपे

कॅनमध्ये दोन तारांमधला फरक वाचला जातो. शांत असताना दोन्ही अडीच व्होल्टच्या आसपास, बोलताना एक साडेतीनकडे जाते आणि दुसरी दीडकडे. बॅटरी १२ ची असो वा २४ ची, संकेत तोच. म्हणून बीएस-६ च्या ज्या गाड्या केवळ कॅनवर बोलतात त्यांच्यासाठी वीजपुरवठा आणि उसळीचे संरक्षण एवढे केले की सर्किटचे काम संपते. फक्त कॅनची चिप अशी हवी की तारेला चुकून बॅटरी टेकली तरी ती टिकेल. जुनी पीसीए८२सी२५० मोटारींसाठी होती, तिचीच जोडीदार पीसीए८२सी२५१ खास २४ व्होल्टसाठी काढली गेली. एमसीपी२५५१ दोन्हींसाठी चालते.

भाषेचा प्रश्न उरतो. जड वाहने बहुधा एसएई जे१९३९ या भाषेत बोलतात, २५० किंवा ५०० किलोबिटांच्या गतीने. मोटारीसाठी बनवलेले ॲप ती समजत नाही. स्कॅनर नीट पेटला, दिवा लागला, तरी पडद्यावर काही आले नाही तर सर्किटला दोष देण्याआधी सॉफ्टवेअर पाहावे.

खारी हवा

उरण, रेवस, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात पितळी पिनांवर हिरवट थर बसायला एक पावसाळा पुरतो. मिठाची ओल सर्किट बोर्डावर बसली की तारांमध्ये गळती सुरू होते. १०० किलोओहमच्या विभाजकात तिचा परिणाम लगेच दिसतो. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण वाळवून त्यावर कन्फॉर्मल कोटिंगचा पातळ थर द्यावा. पिनांवर मात्र तो जाऊ देऊ नये. ट्रकच्या बाजूने कॅबिन ते चॅसी आणि चॅसी ते इंजिन या अर्थच्या पट्ट्या खरवडून घट्ट कराव्यात. स्टार्टर मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून सॉकेटच्या ४ नंबरच्या पिनेपर्यंत मीटरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर आधी अर्थ दुरुस्त करावा, कोड नंतर वाचावेत.

ट्रकला लावण्याआधी

बदललेले सर्किट पहिल्यांदा थेट ट्रकला लावू नये. दोन जुन्या बॅटऱ्या जोडाव्यात, किंवा ३० व्होल्टपर्यंत जाणारा पुरवठा घ्यावा. वाटेत २४ व्होल्ट ५ वॅटचा दिवा मालिकेत ठेवावा. कुठे शॉर्ट असेल तर दिवा उजळेल आणि सर्किट वाचेल. ५ व्होल्टचा पुरवठा मोजावा. के-लाइन मोकळी असताना तिच्यावर जवळजवळ बॅटरीएवढे व्होल्ट दिसायला हवेत, डायोडचा पाऊण व्होल्ट वजा जाता. सॉफ्टवेअरने तार खाली ओढायला लावल्यावर दीड व्होल्टपेक्षा कमी दिसले तर ट्रान्झिस्टर व्यवस्थित आहे. मग पुरवठा १५ वर आणि पुन्हा २९ वर नेऊन हेच पाहावे, आणि अर्धा तास चालू ठेवून प्रत्येक भागाला सावधपणे बोट लावावे. तार खाली ओढलेली असेल तर वर ओढणारा रेझिस्टर गरम लागेल, रेग्युलेटर आणि टीव्हीएस गार असायला हवेत. टीव्हीएस गरम असेल तर तो चुकीच्या व्होल्टचा आहे.

हे सगळे आयटीआयच्या प्रात्यक्षिकात सहज बसेल असे आहे, आणि लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणूनही करता येईल. बंदर विद्यापीठाच्याच जिल्ह्यात आहे, गाड्या दारात उभ्या आहेत, आणि रस्त्याकडेच्या कारागिरांना त्यांच्या हातच्या यंत्राची आतली बाजू मराठीत समजावून सांगणारे कोणीतरी हवे आहे. शिक्षकांनी हे मनावर घ्यावे अशी विनंती आहे.

ज्याला हे बदल स्वतः करायचे नाहीत त्याने १२/२४ व्होल्ट असे छापलेला तयार स्कॅनर घ्यावा, पण छापील अक्षरावर थांबू नये. डबी उघडून इनपुटचा कपॅसिटर पाहावा. त्यावर ५० किंवा ६३ असेल तर ट्रकला लावून बघायला हरकत नाही. २५ असेल तर तो स्कॅनर मोटारीपुरताच ठेवावा.